कोडं आधी तपासा, मग सोडवा

मोबाइलवरची डोकं खाजवायला लावणारी कोडी कशी सोडवावीत, याचा सल्ला सध्या फुकट आणि भरपूर मिळतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मिळतो, क्लासच्या फळ्यावर मिळतो, मामा भाच्याला देतो. कलमं ठरलेली आहेत. सरळ विचार करू नका, हटके विचार करा. अडलात की वेळ न घालवता हिंट घ्या. कोड्यांचे प्रकार ओळखून ट्रिक पाठ करा. आणि हे रोज करा, मेंदू तल्लख होतो. ही चार वाक्यं इतक्या वेळा कानावर पडतात की त्यांना कुणी हरकतच घेत नाही. मी घेतो. पहिलं कलम अर्धवट आहे, दुसरं दुकानदाराच्या सोयीचं आहे, तिसरं परीक्षेच्या दारापर्यंतच चालतं आणि चौथ्याची तर रीतसर तपासणी होऊन निकालही लागलेला आहे.

चारही कलमांत एक खोट मात्र सारखी आहे. कोडं बरोबरच आहे आणि कमी पडतोय तो सोडवणारा, असं ती गृहीत धरतात. कोडं मुळात कोडं आहे का, हे बघा असं त्यांतलं एकही सांगत नाही. खरी युक्ती तिथूनच सुरू होते. कोडं समोर आलं की तीन गोष्टी विचारायच्या. दिलेल्या माहितीतून उत्तर निघतं का? उत्तर एकच आहे का, आणि नसेल तर किती आहेत हे कळतं का? आणि सापडलेलं उत्तर माझं मला तपासता येतं का, की घालणाऱ्यानं 'शाबास' म्हणेपर्यंत मला थांबावं लागतं? या तिसऱ्या प्रश्नावर सगळं ठरतं. ज्या उत्तराला दुसऱ्याचा शिक्का लागतो, ते शोधताना आपण विचार करत नसतो, घालणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत असतो.

सोलापुरात हा विषय नुसत्या करमणुकीचा राहत नाही. शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय, पोलीस भरती, तलाठी, सगळीकडे बुद्धिमत्ता चाचणी आहे. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडची पोरं शहरात खोली करून राहतात, अभ्यासिकेत बसतात, आणि डोळे दुखले की मोबाइलवर कोड्यांचा गेम उघडतात. तेवढाच अभ्यास, अशी मनाची समजूत. घरचेही म्हणतात, खेळतोय खरा, पण डोक्याचा गेम खेळतोय. ही समजूत चुकीची असेल तर तिची किंमत या पोरांच्या वेळातून जाते. म्हणून हा वाद घालायचा.

'हटके विचार करा' हे पहिलं कलम ज्या खेळांवरून आलं ते बघा. पडद्यावर एक खोली दिसते, दिवा जळतोय, 'दिवा विझवा' असा हुकूम. बटण कुठेच नाही. दहा ठिकाणी बोट लावून झालं की कळतं, फोन पालथा घालायचा होता. दुसऱ्या पातळीवर भुकेल्या माणसाला जेवण द्यायचंय, तर प्रश्नाच्या ओळीत लिहिलेला 'जेवण' हा शब्दच बोटानं ओढून त्याच्या ताटात टाकायचा. तिसरीकडे फोन गदागदा हलवायचा. पहिल्यांदा गंमत वाटते, ती मी नाकारत नाही. पण फोन पालथा घालायला सांगणारं प्रश्नात काय होतं? काहीच नाही. तीच खोली, तोच दिवा ठेवून उद्या खेळ बनवणाऱ्यानं 'फोनवर फुंकर मारा' हे उत्तर ठरवलं, तर तेही तितकंच बरोबर ठरेल. दोन्ही उत्तरं प्रश्नाशी सारखीच बेइमान आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. आपल्या आजीच्या तोंडची कोडी तरी वेगळं काय करत होती? दात आणि जीभ यांच्यावरचं जुनं कोडंही आडूनच बोलतं, सरळ विचारानं ते सुटत नाही. बरोबर. पण त्या कोड्याचं उत्तर ऐकलं की मागचा एकेक शब्द जागेवर बसतो. दातांना दगड का म्हटलं, किती म्हटलं, आत फिरणारी ती म्हणजे जीभ कशी, सगळं जुळतं, आणि जुळलं हे ऐकणाऱ्यालाच कळतं. आजीनं मान डोलावली नाही तरी चालतं. पालथ्या फोनचं उत्तर कळल्यावर मात्र जुळत काहीच नाही, फक्त पुढची पातळी उघडते.

हटके विचार म्हणजे खरोखर काय, हे बघायला सोलापूरकरानं लांब जायचं कारण नाही. १९६३ साली आपल्याच शहरातल्या जैन संस्कृति संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमालेत महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी भाषांतरासह छापला. मूळ ग्रंथ इसवी सन ८५०च्या सुमाराचा, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला; त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं आजचं मळखेड. ग्रंथ गणिताचा असला तरी त्यात कोड्यांची खाणच आहे. त्यातलं एक असं. तीन व्यापारी वाटेनं चाललेत. रस्त्यात पैशांची थैली पडलेली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांकडे मिळून जेवढं आहे त्याच्या दुप्पट माझ्याकडे होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या तिप्पट. तिसरा म्हणतो, पाचपट. थैलीत किती आणि प्रत्येकाकडे किती?

शाळेत शिकलेला माणूस लगेच क्ष, य मांडायला बसतो. अज्ञात चार, वाक्यं तीन, घाम फुटतो. आता नजर थोडी हलवा. एकेकाच्या खिशात डोकावू नका, तिघांचं धन आणि थैली यांची एकूण रक्कम डोळ्यांपुढे ठेवा. थैली पहिल्याकडे गेली की त्याच्याकडे बाकीच्या दोघांच्या दुप्पट होतं. म्हणजे एकूण रकमेचे तीन वाटे केले तर दोन त्याचे आणि एक त्या दोघांचा. याचा अर्थ दुसरा आणि तिसरा मिळून एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. याच न्यायानं पहिला आणि तिसरा मिळून चौथा हिस्सा, पहिला आणि दुसरा मिळून सहावा हिस्सा. एकूण रक्कम २४ धरा. जोड्या झाल्या ८, ६ आणि ४. त्यांची बेरीज १८, पण तीत प्रत्येक जण दोनदा मोजला गेला, म्हणून तिघांचं मिळून ९. नवातून आठ गेले, पहिल्याकडे १. सहा गेले, दुसऱ्याकडे ३. चार गेले, तिसऱ्याकडे ५. चोवीसातून नऊ गेले, थैलीत १५. ताळा करा. १५ आणि १ सोळा, ते ३ आणि ५ यांच्या दुप्पट. १५ आणि ३ अठरा, ते १ आणि ५ यांच्या तिप्पट. १५ आणि ५ वीस, ते १ आणि ३ यांच्या पाचपट.

२४ ऐवजी ४८ धरले असते तर सगळे आकडे दुप्पट झाले असते आणि तेही चाललं असतं. म्हणजे हे उत्तर सर्वांत लहान पूर्णांकांतलं, आणि बाकीची उत्तरं कशी मिळतील हेही सोडवणाऱ्याला इथेच दिसतं. विचार हटके आहे, कारण खिशांवरून नजर एकूण रकमेवर गेली. पण तो हवेतून आलेला नाही. आणि उत्तर बरोबर आहे का हे विचारायला महावीराचार्यांकडे जावं लागत नाही. ते बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेले तरी आपलं अडत नाही. 'हटके विचार करा' हा सल्ला अर्धवट म्हणतो तो यासाठी. नजर हलवा हे खरं, पण हलवल्यावर दिलेली माहिती पुन्हा जुळली पाहिजे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

आता हिंट. 'अडलात की हिंट घ्या, वेळ वाचतो.' कुणाचा? गेम फुकट मिळतो, हिंट मिळवायला अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघावी लागते. बनवणाऱ्याचं पोट त्या जाहिरातीवर आहे. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, धंदा आहे. पण मग जे कोडं विचार करून सुटतं, ते या धंद्याला परवडत नाही, हेही उघड आहे. पंधरा मिनिटं शांत बसून कागदावर सोडवणारा गिऱ्हाईक त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला हवा तो वैतागलेला. त्या वैतागाला 'वेळ वाचवण्याची युक्ती' म्हणणं म्हणजे दुकानदाराची पाटी आपणच गळ्यात अडकवून फिरणं.

हिंट न घेता अडलेल्या माणसानं करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ठोस उत्तरं आहेत. सुडोकू घ्या. अडणारा माणूस बहुधा एका रिकाम्या घराकडे टक लावून 'इथे काय बसेल' असं विचारत असतो. प्रश्न उलटा करा: या रांगेत ७ कुठे बसू शकतो? नऊ घरांपैकी पाच भरलेली, दोन घरांच्या उभ्या ओळीत ७ आधीच आहे, एक घर अशा चौकोनात आहे की तिथे ७ येऊन गेला. उरलं एकच. कोडं तेच, आकडे तेच, प्रश्न फिरवला की वाट उघडली. आणि अंदाजानं आकडा ठोकायची गरज नसते, कारण नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. ही हमी कुठे मोडते, हेही कुणाच्या शब्दावर नाही. सोळा किंवा त्याहून कमी आकडे दिले तर एकच उत्तर राहील असं सुडोकू बनूच शकत नाही, किमान सतरा लागतात, हे आयर्लंडच्या गॅरी मॅक्ग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकानं सगळ्या शक्यता चाळून दाखवलं. म्हणजे पंधरा आकडे देऊन 'फक्त जीनियस सोडवतील' अशी बढाई मारणारं सुडोकू आलं, तर जीनियस व्हायचं कारण नाही. ते सदोष आहे, पुढे चला.

वर्डल या इंग्रजी शब्दांच्या खेळात पोरं कुठे मार खातात तेही बघा. पाच अक्षरांच्या शब्दातली शेवटची चार कळली: आय, जी, एच, टी. आता फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे शब्द एकामागून एक टाकत बसतात आणि सहा संधी संपतात. इथे शहाणा माणूस मुद्दाम असा शब्द टाकतो जो उत्तर असूच शकत नाही. 'फ्लेम' टाका. त्यात एफ, एल, एम, ई ही चारही संशयित अक्षरं एकदम तपासली जातात. एक संधी 'वाया' घालवून चार शब्दांचा निकाल लागतो. (खेळाच्या कठीण प्रकारात ही मुभा नाही, तिथे आधीपासून जपून चालावं लागतं.) बरोबर उत्तर मारण्यापेक्षा जास्त माहिती देणारा प्रश्न विचारणं, ही ती युक्ती.

आणि ती दुसऱ्या कोड्यातही चालते, म्हणूनच तिला युक्ती म्हणायचं. बारा नाण्यांचं जुनं कोडं: दिसायला सारखी, एक खोटं, ते जड आहे की हलकं माहीत नाही. सराफाच्या दोन पारड्यांच्या तराजूवर तीनच तोलांत खोटं नाणं शोधा आणि जड की हलकं तेही सांगा. पुष्कळ जण आधी सहा आणि सहा ठेवतात. हिशोब करा. बारा नाणी, प्रत्येक जड किंवा हलकं, शक्यता २४. एका तोलाचे निकाल तीन: डावं खाली, उजवं खाली, समतोल. सहा-सहा ठेवली तर समतोल येणारच नाही, शक्यता १२ आणि १२ अशा वाटल्या जातात. उरलेल्या दोन तोलांत तीन त्रिक नऊपेक्षा जास्त शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. म्हणजे पहिल्याच तोलाला डाव हरलात. चार-चार ठेवा: तिन्ही निकालांत आठ-आठ शक्यता. वाट शिल्लक राहिली. पुढचं वाचकानं करावं. वर्डलवाला आणि नाणीवाला एकच गोष्ट करताहेत, हे ज्याला दिसलं त्याला हिंटचं बटण लागत नाही.

हिंटशिवाय किती लांब जाता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. हातात पाटी-पेन्सिल, संख्यांचा नाद. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि वजा करा. आलेल्या संख्येला पुन्हा तेच. सोलापुरात तो ग्रंथ छापला ते साल घेऊ, १९६३. ९६३१ वजा १३६९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबावं लागतं. १९४९ मध्ये त्यांना हे सापडलं, आणि अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधून कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. १, १२१, १२३२१ या माळेतल्या ज्या संख्यांना कापरेकरांनी डोंबिवली स्टेशनच्या नावावरून 'डेमलो' म्हटलं, त्यांतली १२३४५६५४३२१ महावीराचार्यांच्या ग्रंथातही आहे: २७९९४६८१ ला ४४१ नं गुणा, ती मिळते. मधे अकराशे वर्षं गेली तरी गुणाकार करून बघणाऱ्याला कुणाची परवानगी लागली नाही.

तिसरं कलम ट्रिक पाठ करण्याचं. इथे मला समोरच्याचं थोडं मान्य करावं लागतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात. प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. तिथे बसून प्रत्येक सूत्र मुळापासून काढा, असं सांगणारा माणूस पोराचं नुकसानच करेल. पाठ असलं पाहिजे. पण का चालतं हे कळून पाठ असलेलं आणि नुसतं घोकलेलं यांत परीक्षेच्या खोलीतच फरक पडतो. घड्याळाच्या काट्यांमधला कोन घ्या. सूत्र: तासाला ३० नं गुणा, मिनिटांना साडेपाचनं गुणा, वजाबाकी करा. सव्वातीनला ९० वजा साडेब्याऐंशी, उत्तर साडेसात अंश. घोकणारा खूश. आता ९ वाजून ५ मिनिटं विचारा. २७० वजा साडेसत्तावीस, २४२.५. पर्यायांत हे नाहीच. तो घाबरतो आणि ठोकून देतो. ज्याला माहीत आहे की मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो आणि तासकाटा अर्धा अंश, दोघांतला फरक साडेपाच, त्याला हेही माहीत असतं की काट्यांमध्ये दोन कोन असतात, एक मोठा आणि एक लहान. तो ३६० मधून वजा करतो, ११७.५ वर खूण करतो आणि पुढे जातो. वेळ दोघांना सारखाच लागला.

याहून वाईट प्रकार संख्यामालिकांचा. १, २, ४, ८, १६, पुढे काय? ट्रिक पाठ असलेला ३२ म्हणतो. आता एक वर्तुळ काढा. परिघावर एक बिंदू घ्या, मग दोन, तीन, असे वाढवत जा आणि प्रत्येक बिंदू प्रत्येकाला सरळ रेषेनं जोडा. आत तीन रेषा एकाच ठिकाणी भेटू देऊ नका. वर्तुळाचे तुकडे मोजा. १, २, ४, ८, १६ आणि सहा बिंदूंना ३१. मोजून बघा, ३२ होत नाहीत. म्हणजे ३२ हे उत्तर 'चूक' आहे का? तेही नाही. मालिका कशाची आहे हे न सांगता विचारलेला प्रश्नच अपुरा आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारं ते प्रसिद्ध कोडंही तसंच: १ + ४ = ५, २ + ५ = १२, ३ + ६ = २१, तर ८ + ११ किती? आधीची बेरीज पुढे मिळवत गेलात तर ४०. पहिल्या संख्येत दोघांचा गुणाकार मिळवलात तर ९६. दोन्ही नियम वरच्या तिन्ही ओळींना चपखल बसतात. त्यावर घराघरांत भांडणं होतात, 'तुला नाही कळलं' असं एकमेकांना ऐकवलं जातं. न कळण्यासारखं तिथे काही नाहीच. परीक्षेत पर्याय चार असतात आणि गुण हवे असतात, म्हणून तिथे ३२ वर खूण करा. पण ती खूण म्हणजे बुद्धिमत्ता, असं मुलाला शिकवू नका.

काही कोडी तर सुटणारच नसतात. सरकत्या पंधरा सोंगट्यांच्या खेळात १४ आणि १५ या दोनच उलट्या ठेवल्या तर त्या कधीच जागेवर आणता येत नाहीत, हे १८७९ मध्येच सिद्ध झालं. तरी पुढे सॅम लॉइड या अमेरिकी कोडेकारानं ते सोडवणाऱ्याला १००० डॉलरचं बक्षीस लावलं. पैसे देण्याची वेळ येणार नाही याची त्याला खात्री होती. सोंगट्या कशाही विस्कटून मांडणारा एखादा मोबाइल गेम आजही निम्म्या वेळा न सुटणारा डाव मांडून ठेवेल, आणि खेळणारा स्वतःच्या डोक्याला दोष देत बसेल. हे सुटणार नाही, हे दाखवणं हेसुद्धा कोडं सोडवणंच आहे, आणि हिंटच्या बटणात ते उत्तर कधी सापडत नाही.

राहिलं चौथं कलम, मेंदू तल्लख होण्याचं. याची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीनं ११,४३० माणसांना सहा आठवडे संगणकावर असे मेंदूचे खेळ खेळायला लावले. निष्कर्ष २०१० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. माणसं त्या त्या खेळात तरबेज झाली. त्या खेळांशी जवळचं नातं असलेल्या दुसऱ्या चाचण्यांतही त्याचा उपयोग दिसला नाही. 'लुमोसिटी' या गाजलेल्या मेंदू-व्यायामाच्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि जानेवारी २०१६ मध्ये तिला २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. शाळेत, नोकरीत प्रगती होते, म्हातारपणी विसर पडत नाही, अशा दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वृद्धांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत २,८३२ जण होते, आणि तर्क व वेग यांच्या शिकवणीचा परिणाम त्याच कौशल्यांत दहा वर्षांनीही दिसला. त्याच कौशल्यांत, हे महत्त्वाचं. जे घटवाल ते येतं. फोन पालथा घालायचं घटवलंत तर फोन पालथा घालता येईल.

यावर काही जण चिडून म्हणतात, खेळ आहे हो, एवढं काय? बरं, खेळ म्हणून खेळा, माझी काहीच तक्रार नाही. पत्ते खेळतो तसं खेळा. पण मग त्याला अभ्यास म्हणू नका, आणि मोबाइल काढून घेणाऱ्या आईपुढे 'डोक्याचा गेम आहे' ही ढाल धरू नका. दोन्हीकडचा मान घेता येणार नाही.

आणि दुसऱ्या टोकाला जाऊन 'सगळं मोबाइलचं खूळ आहे' म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात जन्मलेलं चौकटींचं एक कोडं आता प्रत्येक फोनवर मिळतं. रांगेच्या कडेला आकडे दिलेले असतात, त्यांवरून कोणती घरं काळी करायची ते ठरवायचं, शेवटी चित्र उमटतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुणाला हे दाखवा, तो ओळखेल. सोलापुरी चादरीची नक्षी अशीच आलेखाच्या कागदावर घर-घर रंगवून तयार व्हायची. मग एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड. जिथे ताण्याचा धागा उचलायचा तिथे भोक, नाही तिथे कोरं. कार्डांची माळ जेकार्डवर चढायची. एक भोक चुकलं तर ती चूक नक्षी जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा चादरीत उमटते, आणि ती शोधायला कापडावरून कागदाकडे उलटं यावं लागतं: कोणत्या फुलाची कोणती पाकळी, कोणती ओळ, कितवं कार्ड. इथे निवाडा देणारं कापडच असतं, मालक काय म्हणतो याला किंमत नाही. फोनवरचं ते चौकटींचं कोडंही याच जातीचं आहे, कडेचे आकडे जुळले की जुळले. पोराला कोडंच द्यायचं असेल तर असं द्या, मग ते फोनवर असो की कागदावर.

म्हणून क्लास घेणाऱ्यांना, ग्रुपवर युक्त्या पाठवणाऱ्यांना आणि भाच्यांना सल्ला देणाऱ्या मामांना एवढंच सांगणं. तुमच्या ट्रिकनं एक कोडं सुटलं, अभिनंदन. ती न सांगता शेजारच्या पोराला त्याच जातीचं दुसरं, थोडं वळवलेलं कोडं द्या. त्यात ती चालली, आणि का चालली हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, तर ती युक्ती. आम्ही खुशाल पाठ करू. नाही चालली तर ती त्या एका कोड्याचं उत्तर होती, आणि उत्तर पाठ करायला डोकं लागत नाही.